उंदराची किंमत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या बेलापुरात गुरांची आणि पिकांची औषधे एकाच दुकानात मिळतात. तिथे जाऊन मी म्हणालो, "उंदराचे औषध हवे होते." दुकानदाराने मान वर न करता फळीवरची काळी पुडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"हे नव्हे," मी म्हणालो. "मारायचे नाही. उंदीर आजारी आहे, त्याला बरे करायचे आहे."

दुकानात दोन शेतकरी उभे होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. दुकानदार माझाच विद्यार्थी. तो हळूच म्हणाला, "सर, तब्येत बरी आहे ना?"

मी हसलो खरा, पण दुकानात उभ्याउभ्याच एक गोष्ट मनात आली. गुरांचे औषध गुरांना बरे करते, लहान मुलांचे औषध मुलांना बरे करते. उंदराचे औषध मात्र उंदराला मारते. खोकल्याचे औषध खोकला घालवते, त्या चालीवर हा शब्द आपण बनवला आहे. म्हणजे आपल्या भाषेच्या हिशेबी उंदीर हा प्राणीच नव्हे. तो एक रोग आहे. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला असा शब्द सापडला की त्याला स्वस्थ बसवत नाही. उंदराची किंमत माणसाने वेळोवेळी काय केली, हे मी शोधू लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

आपल्याकडची एक जुनी नोंद मेलेल्या उंदराची आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात एका वाण्याची हकीकत सांगितली आहे. बापाविना वाढलेला एक गरीब मुलगा भांडवल मागायला विशाखिल नावाच्या सावकाराकडे जातो. तो सावकार त्या वेळी दुसऱ्या एका ऋणकोला फैलावर घेत असतो. जमिनीवर पडलेल्या मेल्या उंदराकडे बोट दाखवून तो म्हणतो की, शहाणा माणूस एवढ्यावरही धंदा उभा करील. मुलगा तो उंदीर खरोखरच उचलतो, भांडवल म्हणून लिहून देतो आणि एका व्यापाऱ्याच्या मांजरासाठी दोन ओंजळी हरभऱ्यांना विकतो. त्या हरभऱ्यांतून पुढे लाकडे, लाकडांतून दुकान, असे करत तो धनाढ्य होतो आणि शेवटी सोन्याचा उंदीर घडवून सावकाराचे ऋण फेडतो. पाली जातकांतही हीच कथा थोड्या फरकाने आहे. कथा मोठी गोड आहे. पण तिच्यात उंदराला किंमत येते ती तो मेल्यावर, आणि दुसऱ्यांदा येते ती तो सोन्याचा झाल्यावर. जिवंत उंदराचा भाव तिच्यात कुठेच नाही.

जिवंत उंदराला पैसे मोजणारे पहिले हौशी लोक मला सापडले ते जपानात. १७७५ साली ओसाका येथे आणि १७८७ साली क्योतो येथे अशी उंदीर पाळण्याविषयीची दोन पुस्तके छापली गेली. पांढरे, ठिपक्यांचे, निरनिराळ्या रंगांचे उंदीर कसे जोपासावेत हा त्यांचा विषय. आपल्याकडे सवाई माधवराव गादीवर होते, तेव्हा तिकडचे व्यापारी उंदरांच्या जाती मेळवीत होते! पुढे इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळी जॅक ब्लॅक नावाचा एक उंदीरमाऱ्या होऊन गेला. हेन्री मेह्यू या लेखकाने लंडनच्या गोरगरिबांची जी हकीकत लिहून ठेवली, तीत तो भेटतो. याचा धंदा उंदीर मारण्याचा; पण पांढरा किंवा चट्ट्यापट्ट्यांचा उंदीर सापडला की तो त्याला मारीत नसे. त्याची वीण वाढवून तो ती पिले बड्या घरच्या मुलींना खारीच्या पिंजऱ्यात ठेवण्यासाठी विकी. एकाच माणसाच्या एका हातात विष आणि दुसऱ्या हातात पिलू. हा जॅक ब्लॅक पुढे मला माझ्याच घरात भेटणार होता; पण ते नंतर.

आपल्याकडे मात्र याच सुमाराच्या पुढे उंदराचे नाव काढले की अंगावर काटा यावा असे दिवस आले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या शेजारी, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. तेथून ती साथ पुण्याला आली. रँडचा अंमल, घरांच्या झडत्या आणि २२ जून १८९७ ची रात्र हा इतिहास शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. धोंड-मनमाड रेल्वे १८७८ पासून चालू होती. माणसे आणि धान्याची पोती ज्या वाटेने जात, त्याच वाटेने रोगही नगर जिल्ह्यात उतरला. 

माझी आजी त्या काळात लहानाची मोठी झालेली. तिच्या तोंडी दोनच शब्द असत: "उंदीर पडला." घरात मेलेला उंदीर आढळला, की भरली चूल तशीच सोडून, कुलूप घालून, माणसे नदीपलीकडच्या मळ्यात झोपड्या बांधून राहत. एकदा तिची धाकटी बहीण बाहुली आणायला म्हणून गुपचूप घरी परतली. पाचव्या दिवशी ती गेली. म्हातारपणीदेखील माळ्यावर खुडबुड झाली की आजी उठून बसे आणि दिवा लावून कोपरान् कोपरा पाही.

आजीला जे ठाऊक होते ते शास्त्रज्ञांना सिद्ध करायला दहा वर्षे लागली. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने जून १८९८ मध्ये कराचीच्या एका हॉटेलात एक साधा प्रयोग केला. काचेच्या बरणीत आजारी उंदीर ठेवला आणि त्याच्या वर, शिवाशीव होणार नाही अशा बेताने, जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. मधल्या हवेतून उडी मारू शकत होती ती फक्त पिसू. निरोगी उंदीर प्लेगने मेला. पुष्कळांनी सिमाँला हसण्यावारी नेले. मग १९०५ पासून प्लेग कमिशनने परळच्या आवारात हेच काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. हाफकिनची लस जेथे तयार होई तीच ही प्रयोगशाळा. तिला हाफकिनचे नाव मिळाले १९२५ मध्ये. तेथे मुद्दाम लहान लहान खोपटी बांधून त्यांत गिनीपिग सोडले. जेथे पिसवा होत्या तेथे रोग पसरला. जेथे पिसवा येऊ दिल्या नाहीत, तेथे रोगी आणि निरोगी जनावरे एकत्र राहिली, एकत्र जेवली, खोपटी कधी झाडली नाहीत, तरी रोग पसरला नाही. प्लेग झालेल्या आईचे दूध प्यायलेली पिलेसुद्धा वाचली! मुंबईत एका वर्षात लाखावर उंदीर तपासले गेले आणि असे दिसून आले की उंदरांतली साथ माणसांतल्या साथीच्या दहा ते चौदा दिवस आधी येते. म्हणजे उंदीर पडला की गाव सोडावे, हा अडाणी म्हटल्या गेलेल्या लोकांचा नेम बरोबर होता. आणि उंदीर? तो रोगाचा मालक नव्हताच. आपल्याआधी मरून आपल्याला खबर देणारा तो पहिला रोगी होता.

पण हे कळेपर्यंत सरकारांनी उंदरावर इनामे लावली होती. १९०२ साली हनोई शहरात फ्रेंच अंमलदारांनी उंदराच्या शेपटीमागे इनाम जाहीर केले. शेपट्यांचे ढीग येऊ लागले. उंदीर मात्र कमी होईनात. पाहावे तो रस्त्यात बिनशेपटीचे उंदीर धावताना दिसू लागले. लोक शेपटी तोडून उंदीर सोडून देत, की त्याची वीण वाढावी. शहराबाहेर काहींनी तर उंदीर पाळायलाच सुरुवात केली होती. पैशासाठी उंदीर पाळावेत ते मारण्याच्या इनामासाठी, असा हा उलटा व्यापार!

उंदराला नीट सांभाळावे, त्याचे खाणे-पिणे, ऊन-वारा पाहावा, असा विचार व्यवस्थितपणे झाला तो पुन्हा प्रयोगशाळेतच. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत १९०६ च्या सुमारास पांढऱ्या उंदरांची पैदास सुरू झाली. १९२३ साली त्याच संस्थेच्या ग्रीनमन आणि डुहरिंग या दोघांनी पांढऱ्या उंदराची पैदास आणि निगा यांवर एक आखे पुस्तक लिहिले. घाबरलेल्या, उपाशी, कोंदट जागेत ठेवलेल्या जनावरावर केलेल्या प्रयोगाला अर्थ नसतो, ही त्यामागची व्यवहारी दृष्टी. जगातल्या प्रयोगशाळांतले पुष्कळसे पांढरे उंदीर याच घराण्यातले. आज दुकानात लाल डोळ्यांचा जो गरीब जीव पिंजऱ्यात बसलेला दिसतो, तो आपल्या माळ्यावरच्या उंदराचा भाऊ नव्हे. शेकडो पिढ्या माणसाच्या हातात वाढलेला तो प्राणी आहे. 

आता माझ्या घरातला इतिहास.

पुण्याहून माझी नात दर सुटीला येते. तीन वर्षांपूर्वी तिने पांढऱ्या उंदराचा हट्ट धरला. मला आजी आठवली. पण नातीपुढे कोणाचे चालते? दुकानदार म्हणाला, ३०० रुपयांना एक. "दोन घेऊ या, आजोबा," ती म्हणाली. मी म्हणालो, "दोन कशाला? एक पुरे." तिने त्याचे नाव मोती ठेवले. लहानसा पिंजरा, खाली लाकडाचा भुसा, वाटीत शेवचिवडा असा त्याचा संसार मांडून दिला आणि सुटी संपताच ती पुण्याला गेली. मोती पत्र्याच्या खोलीत राहिला. एप्रिल संपत आला. आमच्याकडे तेव्हा पत्रा नुसता तापतो. एके दुपारी पाहतो तो मोती कुशीवर पडलेला, तोंड उघडे. पाणी शिंपडले, पण तो गेला. मुलीला फोनवर सांगताना मी म्हणालो, "उंदीरच तो, किती दिवस जगणार?" पलीकडून नात काही बोलली नाही. ती सरळ फोन ठेवून गेली.

मग हा मास्तर अभ्यासाला बसला. पण परीक्षा होऊन गेल्यावर. उंदराला घाम येत नाही. तो अंगातली उष्णता शेपटीवाटे बाहेर टाकतो. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याचा जीव घाबरतो. तो एकटा राहत नाही. सोबती नसेल तर खंगतो. भुशाची धूळ आणि साचलेल्या मुताची वाफ त्याच्या फुप्फुसाला बाधते. त्याला ओकारी येत नाही, म्हणून खाल्लेले विष तो बाहेर टाकू शकत नाही. आपली पुडी त्याला लागू पडते ती याचमुळे. यातले काहीएक न विचारता मी मोतीला आणले होते. मी फक्त त्याचा भाव विचारला होता.

पुढच्या दिवाळीत दोन माद्या आल्या. नर-मादी एकत्र ठेवण्याची सोय नाही; पाच-सहा आठवड्यांत पिले वयात येतात, तीन आठवड्यांत विते आणि एका खेपेस आठ-दहा होतात. एक पूर्ण पांढरी, ती साखर. दुसरीच्या डोक्या-मानेवर तपकिरी टोपडे, ती गुळी. साखर कारखान्यांच्या मुलखात याहून दुसरी नावे कोणती सुचणार? या खेपेस दोन उंदरांना ६०० आणि पिंजऱ्याला २,८०० रुपये पडले. पिंजरा ओसरीच्या आतल्या थंड खोलीत आला. भुशाऐवजी कागदाच्या कपट्या, रोज झाडणे, आठवड्याला पिंजरा धुणे, हात साबणाने धुणे. खाणे म्हणाल तर दिवसाला दरडोई तोळा-दीड तोळा: ज्वारी, बाजरी, डाळ, काकडी-गाजराचा तुकडा, कधी उकडलेल्या अंड्याचा कण. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडायला बाभळीची काटकी. आणि रोज तासभर मोकळीक. हा तास सगळ्यांत महाग. तो पैशांनी विकत मिळत नाही. संध्याकाळची पारावरची बैठक त्यापायी माझी सुटली. पण पिंजऱ्याचे दार उघडले की साखर माझ्या सदऱ्याच्या बाहीतून वर चढे आणि मानेपाशी येऊन बसे. एवढा विश्वास मला वर्गातल्या मुलांनीही क्वचितच दाखवला.

मागच्या पावसाळ्यात गुळीला धाप लागली. गुरांच्या डॉक्टरांनी तिला हातात घेऊन कौतुकाने पाहिले आणि मोकळेपणाने सांगितले, "मास्तर, म्हशीला देतो ते औषध हिला किती द्यायचे, हे मला शिकवलेले नाही." पुण्याला गेलो. तेथल्या डॉक्टरांनी वजन करून मात्रा लिहून दिली. जाण्यायेण्याचे आणि तपासणीचे पैसे त्या दोघींच्या किमतीच्या तिपटीहून अधिक झाले. चार दिवसांनी औषध संपले, म्हणून मी आमच्या दुकानात गेलो आणि सुरुवातीला सांगितला तो प्रसंग घडला.

त्या प्रसंगाचा शेवट सांगायचा राहिला. औषध दुकानात नव्हते. श्रीरामपूरहून दुसऱ्या दिवशी मागवून देतो, असे तो म्हणाला. मग पुडीकडे बोट करून त्याने विचारले, "ही परत ठेवू ना?"

मी थांबलो. माझा दोन एकर ऊस आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेचे पाणी पाटांनी फिरले, तेव्हापासून हा मुलूख उसाचा झाला. हरिगावचा कारखाना आला, १९५० च्या अखेरीस लोणीला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. ऊस आला तशा त्याच्या बुडाशी बिळेही आली. त्या वर्षी माझ्या फडात कुरतडून पडलेली कांडी मी स्वतः पाहिली होती. 

"नको," मी म्हणालो, "ती पण द्या."

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने उंदराला उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. माझी यादी मात्र तशीच आहे. मी काही अहिंसेचा साधक झालो नाही. फरक पडला तो इतकाच, की फडात पुडी टाकताना पूर्वी मी बिळे मोजीत असे. आता आत कोण असेल हे मनात येते, हात क्षणभर थांबतो, आणि मग पुडी टाकतो.

गुळी बरी झाली आणि आणखी पाच महिने जगली. साखर तिच्यामागे महिनाभरच राहिली. उंदराचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे. दोघी आपले आयुष्य भोगून गेल्या. परसात तगरीखाली नातीने त्यांना पुरले. परवा दिवाळीचा हिशेब लावताना हिने माझी खर्चाची वही उघडली. एकापुढच्या एका दिवशी एकच शब्द दोनदा लिहिलेला तिला दिसला: उंदराचे औषध, ४० रुपये, उंदराचे औषध, २६० रुपये.

"एकाच औषधाचे दोन भाव कसे हो?" तिने विचारले.

मी वही घेतली आणि दुसऱ्या ओळीत 'उंदराचे' खोडून वर 'गुळीचे' असे लिहिले.