वासराच्या पोटांतून जंतूच्या पेशींत

श्रोतेहो, दुधाला विरजण लावलें म्हणजे दहीं होतें, हें घरोघर ठाऊक आहे. पाश्चात्य देशांत चीज करण्यासाठीं मात्र दूध निराळ्या उपायानें घट्ट करितात. दूधपित्या वासराच्या चौथ्या पोटांत कायमोसिन नांवाचें पाचकद्रव्य असतें. दुधांतील केसीन या प्रथिनाच्या एका प्रकाराची सांखळी तें नेमकी 105 व्या व 106 व्या दुव्यांमध्यें तोडतें, आणि दूध साकळतें.

1874 सालीं कोपनहेगन येथें क्रिश्चन हॅन्सन यानें या द्रव्याचा ठराविक शक्तीचा अर्क विकावयास काढिला. पुढें चीजची मागणी वाढत गेली. वासरें त्या मानानें पुरेनात. शिवाय तें पोट वासरूं मारल्यावांचून मिळत नसे, ही शाकाहारी मनुष्याची अडचण होतीच.

1981 सालीं टोकियो विद्यापीठांतील संशोधकांनीं या द्रव्याचें जनुक ई. कोलाय या जंतूंत बसविलें. 1983 सालीं इंग्लंडांतील सेलटेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं जंतूकडून तें द्रव्यही घडवून घेतलें. पण खरी कसोटी पुढेंच होती.

प्रथिनें तोडणारें द्रव्य पेशींतच जागें झालें, तर पेशीची धडगत नाहीं. म्हणून निसर्ग तें निद्रिस्त रूपांत घडवितो. मूळ सांखळी 365 दुव्यांची असते. पोटांतील आम्लांत आरंभींचे 42 दुवे सुटले, कीं उरलेलें 323 दुव्यांचें द्रव्य कामास लागतें. जंतूकडूनही तें निद्रिस्त रूपांतच घडवून घेतलें. तरी त्याच्या पेशींत सांखळ्यांच्या गांठी झाल्या. दुवे सारे बरोबर, पण घडी चुकलेली! त्या गांठी युरियाच्या तीव्र द्रावणांत उकलाव्या, सांखळीची योग्य घडी पुन्हां सावकाश पडूं द्यावी, आणि मग आम्ल देऊन द्रव्य जागें करावें, असा उपाय निघाला. पुढें एका जातीच्या यीस्टकडून तें योग्य घडीचें होऊन पेशीबाहेरच मिळूं लागलें.

मार्च 1990 मध्यें अमेरिकन सरकारनें फायझर कंपनीच्या अशा कायमोसिनास मान्यता दिली. जनुकबदलानें मिळविलेल्या अन्नोपयोगी द्रव्यास तेथें मिळालेली ती पहिलीच मान्यता होय. आज त्या देशांतील बहुतेक चीज याच रीतीच्या द्रव्यानें होतें.

श्रोतेहो, मी जन्मभर मुलांना शिकविलें. पाठांतर अचूक, पण उदाहरण सुटत नाहीं, अशा मुलास मी पुन्हां तेंच पाठ करावयास सांगत असें. आधीं गांठ उकलावयाची असते, हें मला फार उशिरां उमगलें.