कॉलेजच्या दारावरचे पत्र

पूर्वी गुणपत्रिका दाखवली की कॉलेजात प्रवेश मिळत असे. आता परदेशातली आणि इथलीही काही विद्यापीठे मुलांना विचारतात, 'तू कोण आणि इथे कशासाठी येतोस, ते तुझ्या शब्दांत लिही.' आमच्या पालघर-बोईसर-तारापूरकडची मुले, कोणी कारखान्यातल्या कामगाराचा, कोणी मच्छीमाराची, असा निबंध घेऊन येतात आणि म्हणतात, 'सर, जरा भारदस्त करून द्या.' कादंबऱ्या लिहिणाऱ्याला शब्दांचा काय तोटा, असा त्यांचा समज! मी स्वतः मॅट्रिकपुढे गेलो नाही. त्या दारापाशी होणारी धाकधूक मला ठाऊक आहे. तरीही मी लेखणी उचलत नाही. त्यांना एक जुनी हकीकत सांगतो.

कल्याण हे आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले गाव. पालघर वेगळा झाला तो २०१४ साली. त्या कल्याणच्या जोशांची यमुना नवव्या वर्षी पोस्टखात्यातल्या गोपाळराव जोशांशी लग्न होऊन आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. डॉक्टर होण्याचा तिचा निश्चय त्या दुःखातून आला.

तिच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या वाइल्डर ह्या मिशनऱ्याला पत्र लिहिले होते ते गोपाळरावांनी. उत्तर आले, ख्रिस्ती व्हा! तो पत्रव्यवहार तिकडच्या मासिकात छापला गेला आणि दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. त्यातून स्नेह जुळला. नवऱ्याच्या पत्राने एका घराचे दार असे उघडले. कॉलेजचे दार मात्र आनंदीबाईंना स्वतःच ठोठवावे लागले.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या आणि २८ जूनला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजला त्यांनी पत्र लिहिले. वय अवघे अठरा! कॉलेजच्या सर्व अटींना आपण उतरणार नाही, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. आप्तांचा आणि जातीचा विरोध सोसून आपल्याला इथवर आणणारा निश्चय हेच आपले भांडवल, असे सांगितले. आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी हे शिकायचे आहे; स्वतःसाठी काहीच मागणे नाही, असेही लिहिले.

कॉलेजने त्यांना घेतले. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातली जागा त्यांच्यासाठी ठरली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला.

म्हणून मुलांना सांगतो, उणीव झाकू नका. कोणी कारखान्यालगतच्या ओढ्याचा रंग बदलताना पाहिला असेल, कोणी बापाची होडी रिकामी परतताना. तेच लिहा, त्यासाठी काय शिकायचे आहे, तेही लिहा. शुद्धलेखन मी तपासून देईन. शब्द मात्र तुमचेच हवेत, कारण उद्या त्या वर्गात तुम्हांलाच बसायचे आहे.