पाककृतींच्या पुस्तकात आपली चूल कुठे होती?

'सूपशास्त्र' हे पाककृतींचे मराठी पुस्तक १८७५ साली छापले गेले. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि घराघरांत पोचले. शिशाचा एकेक खिळा जुळवून छापलेली जुनी पाकपुस्तके आज लोक हौसेने जपतात. जपावीतच. पण त्या खिळ्यांतून गावकुसाबाहेरची चूल का उमटली नाही, हे आपण विचारणार की नाही?

ज्यांच्या हाती अक्षर होते, त्यांनी आपल्या घरचे ताट 'महाराष्ट्रीय' म्हणून छापले. आपल्या आज्यांच्या ताटात तेल, तूप, दूध जेमतेम. होते ते वजडी, रक्ती, उन्हात वाळवलेल्या चान्या. जातीने जे वाट्याला टाकले, त्यातून त्यांनी घर जगवले. त्याला कोणी पाककला म्हटले नाही.

२०१५ साली शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील महार-मांगांचे अन्न पुस्तकात आणले. पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांना त्या एका 'अ'ने उत्तर दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात गोहत्याबंदी बैल आणि वळूंपर्यंत वाढवली गेली. म्हणजे ताटावरचा ताबा हा काही जुना विषय नाही.

काही कार्यकर्ते विचारतात, बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत जनावरांचे मांस सोडायला सांगितले, मग हे उकरून कशाला काढायचे? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती जातीने लादलेली लाचारी. इतिहास पुसायला त्यांनी सांगितले नव्हते. उलट १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी स्वतः गोमांसभक्षणाचा इतिहास तपासून अस्पृश्यतेचे मूळ शोधले. ज्या अन्नावरून आपल्याला हिणवले, त्याचीच त्यांनी पुराव्यासारखी मांडणी केली.

म्हणून आम्हाला वाटते, हे अन्न आता 'गावरान चव' म्हणून हॉटेलच्या पाटीवर जाण्याआधी आपण लिहून काढावे. नागसेनवनात शिकलेल्या पिढीने आपले साहित्य उभे केले. आता चुलीचेही दस्तऐवज व्हावेत. आज्या आहेत तोवर त्यांना विचारा: काय शिजवत होतात, कुठून मिळत होते, कोण देत होते, कोण नाकारत होते आणि कधी सोडले? पाककृतीबरोबर ही उत्तरेही लिहा. ती गाळली, तर उरेल फक्त चव. जात मात्र पानाबाहेरच राहील.

जय भीम!