स्वाक्षरी ते अनुसमर्थन : युरोपच्या पेटंट न्यायालयाचा दहा वर्षांचा प्रवास

प्रशासनात अनेक वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. करारावर स्वाक्षरी होणे आणि करार अमलात येणे यांत मोठे अंतर असते. या अंतराचे नाव अनुसमर्थन. युरोपच्या एकीकृत पेटंट न्यायालयाचा इतिहास हा त्याचा उत्तम वस्तुपाठ आहे.

१९७३ च्या म्युनिक करारामुळे युरोपात एकाच कार्यालयाकडून पेटंट मिळू लागले. मात्र मिळाल्यानंतर त्याचे देशोदेशी तुकडे होत. एकाच शोधाबद्दल जर्मनीत एक दावा, फ्रान्समध्ये दुसरा, आणि निकालही कधी परस्परविरोधी. खर्च व अनिश्चितता दोन्ही वाढत. सामायिक पेटंटासाठी १९७५ मध्ये लक्झेंबर्ग येथे करार झाला, पण पुरेशा अनुसमर्थनाअभावी तो कधीच अमलात आला नाही.

अखेर फेब्रुवारी २०१३ मध्ये सामायिक न्यायालयाच्या करारावर २४ देशांनी स्वाक्षऱ्या केल्या; मार्चमध्ये बल्गेरिया आला. स्पेन आणि पोलंड बाहेर राहिले. अट अशी होती की १३ देशांचे अनुसमर्थन हवे आणि त्यांत सर्वाधिक पेटंटे असलेले तीन देश, म्हणजे जर्मनी, फ्रान्स व ब्रिटन, असलेच पाहिजेत. त्यामुळे या तिघांपैकी कोणीही एक सारा करार रोखून धरू शकत होता.

प्रत्येक देशाचा मार्ग त्याच्या राज्यघटनेने ठरवला. ऑस्ट्रियाने २०१३ मध्येच सर्वप्रथम अनुसमर्थन केले. डेन्मार्कने मे २०१४ मध्ये सार्वमत घेतले व जनतेने होकार दिला. आयर्लंडलाही सार्वमत आवश्यक आहे. जून २०२४ साठी ठरलेले ते सार्वमत पुढे ढकलले गेले. हंगेरीच्या घटनात्मक न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की विद्यमान घटनेनुसार हे अनुसमर्थन शक्य नाही. ब्रिटनची गोष्ट तर विलक्षण. युरोपीय संघ सोडण्याचा कौल २०१६ मध्ये मिळूनही त्याने एप्रिल २०१८ मध्ये अनुसमर्थन केले आणि जुलै २०२० मध्ये ते मागे घेतले. तिसऱ्या अनिवार्य देशाची जागा मग इटलीकडे गेली.

सर्वांत बोधप्रद प्रसंग जर्मनीचा. मार्च २०१७ मध्ये बुंडेस्टागने अनुसमर्थनाचा कायदा एकमताने संमत केला. तेव्हा सभागृहात सुमारे ३५ सदस्य हजर होते! एका नागरिकाने घटनात्मक न्यायालयात तक्रार केली. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्दबातल ठरवला. देशाचे न्यायाधिकार परक्या संस्थेकडे सोपवणे ही आशयाने घटनादुरुस्तीच होय. त्यासाठी एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताची आवश्यकता आहे, आणि ही पद्धत पाळली जावी असा मतदाराचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षाच्या अखेरीस दोन्ही सभागृहांनी आवश्यक बहुमताने कायदा पुन्हा केला. नव्या तक्रारींवर अंतरिम स्थगिती देण्यास न्यायालयाने २०२१ मध्ये नकार दिला. तयारी पूर्ण झाल्यावर जर्मनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये अनुसमर्थनपत्र जमा केले आणि १ जून २०२३ रोजी १७ देशांसाठी न्यायालय सुरू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये रुमानिया अठरावा झाला.

आपल्याकडे करार करण्याचा अधिकार कार्यपालिकेचा आहे. अनुसमर्थनासाठी संसदेची पूर्वसंमती लागत नाही. अंमलबजावणीसाठी अनुच्छेद २५३ नुसार संसद कायदा करते. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानंतर पेटंट कायद्यात १९९९, २००२ व २००५ मध्ये झालेल्या दुरुस्त्या याच क्रमाने आल्या. ही पद्धत वेगवान आहे, पण चर्चा होते ती देश बांधला गेल्यानंतर.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून विलंबाची किंमत मला नाकारता येत नाही. परंतु त्या ३५ जणांच्या एकमताने न्यायालय उभे राहिले असते, तर त्याच्या प्रत्येक निकालावर आज अधिकाराचाच प्रश्न उभा राहिला असता. जर्मनीत गेलेली ती वर्षे वाया गेली, असे म्हणूनच मला वाटत नाही.