लाकडी धनुष्य आणि मळसूत्र



धनुष्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रामायण-महाभारत उभे राहते आणि मळसूत्र म्हटले की कारखाना. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल, अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. परंतु पुण्यातील एखाद्या धनुर्विद्येच्या मैदानावर जाऊन नवशिक्या मुलाच्या हातातील धनुष्य जवळून पाहावे. मधली मूठ लाकडाची. वर-खाली वाकणारी दोन पाती निराळी, ती मुठीवर बोल्टांनी आवळलेली. मुठीच्या अंगात पितळी आट्यांची दोन-चार भोके. आणि त्या भोकांत कोठे नेम धरण्याची खूण, कोठे बाणास बाजूने आधार देणारी स्प्रिंगदार खुंटी, कोठे तोल सांभाळणारा लांब दांडा बसविलेला. लाकडात धातूचे आटे पक्के बसवावयाचे कसे, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नावर त्या मुलाचा नेम, आणि प्रसंगी त्याचा डोळाही, अवलंबून असतो. या प्रश्नाचा इतिहास बराच जुना आहे, आणि त्यातील काही भाग आपल्या घरचाच आहे.

प्रथम एका शब्दाकडे पाहू. ‘कमान’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ धनुष्य. मराठीत तो स्थिरावला आणि हळूहळू दारावरच्या अर्धवर्तुळाकार बांधणीस लागला, घड्याळात गुंडाळून बसविलेल्या पोलादी पट्टीस लागला, पुढे मोटारीखालच्या पाट्यांसही लागला. धनुष्य या अर्थी आपण तिरकमठा म्हणू लागलो आणि कमान दुसऱ्या कामाला गेली. तथापि घड्याळाच्या स्प्रिंगेस कमान म्हणणाऱ्या त्या अनाम मराठी माणसाने यंत्रशास्त्राचे एक सत्य अचूक ओळखले होते, असे मला वाटते. धनुष्य ही मुळात स्प्रिंगच होय. हाताने सावकाश भरलेली शक्ती ती एका क्षणात बाणाच्या हवाली करते.

आणि स्प्रिंगेला भोक सोसत नाही. धनुष्य ओढले की त्याची शत्रूकडील बाजू ताणली जाते आणि धनुर्धराकडील बाजू दाबली जाते. लाकडाचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेलेले असतात, म्हणूनच ते हा ताण सहन करतात. मध्येच गिरमिटाने भोक पाडले की ते तंतू तुटतात; शिवाय तुटलेल्यांचा भार भोकाच्या दोन्ही काठांवर येऊन पडतो. एकजिनसी पट्टी ताणली असता तिच्यातील गोल भोकाच्या काठावर ताण सुमारे तिप्पट होतो, असे गणित सांगते. जुन्या कारागिरांना हे गणित ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मोडलेली धनुष्ये त्यांनी पुष्कळ पाहिली होती. म्हणून हजारो वर्षे धनुष्याच्या अंगात खिळा शिरला नाही. जे काही जोडावयाचे ते सरसाने चिकटवावे, तातीने किंवा सुताने करकचून गुंडाळावे, हाच रिवाज.

मोगल अमदानीत उत्तरेत व दख्खनेत जे उत्तम धनुष्य मानीत, ते साध्या लाकडाचे नसे. मध्ये लाकडाची गाभापट्टी, धनुर्धराकडील बाजूस म्हशीच्या शिंगाची पट्टी, पलीकडे जनावराच्या स्नायुतंतूंचा थर, आणि हे सारे सरसाने एकजीव केलेले. अशी धनुष्ये करणारे ते कमानगर. कच्छमध्ये या लोकांची वस्ती होती. धनुष्यांवर ते सुंदर रंगकाम करीत, आणि धनुष्याचा जमाना गेल्यावर त्यांतील कित्येकांनी तोच कुंचला घरांच्या भिंतींकडे वळविला. कच्छची ‘कमानगरी’ चित्रे म्हणून जी ओळखली जातात, त्यांच्या नावात धनुष्य अजून शिल्लक आहे.

या धनुष्याचा वैरी म्हणजे पावसाळा. सरस ओलसर हवेत मऊ पडतो, थर सुटू लागतात. त्यावर आपल्या लोहारांनी जो उपाय काढला, तो मोठा धाडसाचा होता. त्यांनी सबंध धनुष्यच पोलादाचे केले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील अशी हिंदुस्थानी पोलादी धनुष्ये, काहींवर सोन्याची कोफ्तगरी केलेली, आज इंग्लंड-अमेरिकेतील संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. बाण फेकण्यात ती शिंगाच्या धनुष्यास मागे टाकीत असे नव्हे. पोलादी पाते जड असल्याने ते तितक्या चपळाईने परतत नाही. परंतु कोठारात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी ती वापरण्याजोगी राहत. आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. यांतील काही धनुष्ये मुठीच्या मध्यावर आटे पाडून दोन तुकड्यांत केलेली असत. पीळ देऊन उलगडावी, प्रवासात न्यावी, पुन्हा पिळून जोडावी. धनुष्यात मळसूत्र शिरले ते असे, आणि जागा पाहा कोणती निवडली: मूठ. सबंध धनुष्यात जेथे काहीच वाकत नाही अशी ती एकच जागा.

हे आटे पाडणे त्या काळी सोपे नव्हते. सतराव्या शतकात आपल्याकडील कारागीर मळसूत्री खिळा करीत तो बहुधा खिळ्यावर तार गुंडाळून आणि ती डाक देऊन पक्की करून. खाच कोरून नव्हे. असा आटा दिसावयास ठीक, पण नेमका बसत नसे. उणीव बुद्धीची नव्हती, लेथची होती. आपला कातारी आणि आपला सुतार ज्या साधनाने भोक पाडी ते सामता. त्याच्या दांड्याभोवती दोरी गुंडाळून ती एका लहानशा धनुकलीने पुढे-मागे ओढावयाची. म्हणजे लाकडाला भोक पाडण्याचे कामही धनुष्यच करीत होते! पण हा फिरता दांडा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळतो. एकाच दिशेने, एकाच वेगाने, ठराविक अंतर सरकत जाणारी गती त्यातून मिळत नाही, आणि मळसूत्राला तर नेमकी तीच गती हवी असते. ही गती इंग्लंडात हेन्री मॉड्स्ली याच्या लेथने १८०० च्या सुमारास साधली. १८४१ साली व्हिटवर्थ याने आट्यांची मापे ठरविली, १८६४ साली अमेरिकेत सेलर्स याने निराळी ठरविली, आणि १९४८ साली इंग्लंड, अमेरिका व कॅनडा या तिघांनी मिळून एक सामाईक माप मान्य केले. या कंटाळवाण्या वाटणाऱ्या सनावळीचा धनुष्याशी संबंध लवकरच दिसेल.

दरम्यान आपले सुतार लाकूड आणि लोखंड यांची गाठ कशी घालीत, हेही पाहण्याजोगे आहे. बैलगाडीचे बाभळीचे चाक घ्या. त्यावरची लोखंडी धाव तापवून चढवीत. निवाली की ती आवळत जाई आणि चाकाचा सांधा न् सांधा घट्ट करी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची दारे पाहा. त्यांवर हत्तीच्या धडकेसाठी ठोकलेले अणकुचीदार खिळे आहेत, पण ते जाड फळ्यांत ठोकलेले आहेत. लोखंडाने लाकडाला बाहेरून कवळावे, अथवा लाकूड इतके जाड असावे की त्याला भोसकल्याची पर्वा नसावी, या दोन वाटा आपल्याकडे होत्या. धनुष्यास यांतील दुसरी वाट उपयोगी पडली, पण त्यासाठी आधी धनुष्याचीच रचना बदलावी लागली.

ती बदलली विसाव्या शतकाच्या मध्यास, मुख्यतः अमेरिकेत. धनुष्याची मूठ लांब, जाड आणि अगदी ताठ करण्यात आली. वाकण्याचे काम सर्वस्वी पात्यांवर सोपविले गेले. मूठ वाकत नाही म्हटल्यावर तिच्यात भोके पाडण्यास मोकळीक मिळाली. अर्ल हॉइट या धनुष्यकाराने १९६१ च्या सुमारास मुठीवर तोलदांडे बसविण्याची प्रथा रूढ केली. १९६९ साली हॉलेस ॲलन यास चाकांच्या ‘कंपाउंड’ धनुष्याचे पेटंट मिळाले. १९७२ साली म्यूनिक येथे धनुर्विद्या ऑलिंपिकमध्ये परतली, आणि ही साधने जगभर पसरली. त्याबरोबरच आट्यांचे मापही पसरले: तोलदांड्यासाठी आणि खुंटीसाठी पाच-सोळांश इंच व्यासाचा, इंचाला २४ आट्यांचा बोल्ट. १९४८ च्या त्या सामाईक मापांतलेच हे एक.

येथे आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. आपला बाजार मिलिमीटरचा. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, रविवार पेठेतील बोहरी आळीत सहज मिळणारा आठ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्यांना अगदी तोच वाटतो. परंतु धनुष्याच्या आट्यांतील अंतर १.०६ मिलिमीटर, आणि बाजारातील नेहमीच्या बोल्टाचे १.२५. एक-दोन फेरे तो मुकाट्याने आत जातो, मग अडतो. आणि अडल्यावर माणूस पान्हा घेतो. पितळ मऊ, त्याचे आटे तेथेच संपतात.

पुण्यात धनुर्विद्येचे महत्त्व अलीकडे पुष्कळ वाढले आहे. येथील आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूट २००१ साली स्थापन झाली. टोकियो ऑलिंपिकच्या तयारीसाठी २०२० साली राष्ट्रीय धनुर्धरांचे शिबिर तेथेच भरले होते. साताऱ्याकडील सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोत भारताच्या संघात होता. २०२३ साली बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंड धनुष्याचे जगज्जेते झाले. या श्रेष्ठ खेळाडूंच्या धनुष्यांच्या मुठी धातूच्या. त्यांस लाकडाची चिंता नाही. परंतु अशा धनुष्याची किंमत सामान्य घरास परवडणारी नसते, आणि त्यांच्यामागून येणारी शेकडो मुले लाकडी मुठीवरच हात बसवितात. राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा जो प्रकार आहे, त्यात तर देशी बांबूचे धनुष्य घेऊन, नेमाच्या साधनाशिवाय उतरावयाचे असते. माझ्या मते खेळाडूची खरी पारख तेथेच होते. पण तो निराळा विषय झाला.

लाकडी मुठीत आटे बसविण्याची रीत आता सांगतो. ही कामे पुण्यातील कोणताही चांगला सुतार करू शकेल, मात्र त्याला कारण समजावून सांगितले पाहिजे.

लाकडातच आटे पाडून त्यात बोल्ट फिरविणे हा सर्वांत वाईट मार्ग. प्रत्येक बाण सुटताना मुठीला हादरा बसतो, आणि बारीक आट्यांमधले लाकडाचे दात एकेक करून चुरडतात. म्हणून मध्ये पितळेचे बुश घालतात. त्याच्या बाहेरील अंगास लाकूड पकडणारे जाड, विरळ आटे. आतील अंगास बोल्टाचे बारीक आटे. पितळ एवढ्यासाठी की सागवानाच्या अथवा बाभळीच्या लाकडात लोखंड गंजते व लाकूड काळे पाडते. बुशासाठी भोक किती मोठे पाडावे याचे उत्तर पुस्तकात शोधू नये. त्याच लाकडाच्या तुकड्यात दोन-तीन मापांची भोके पाडून बुश घालून पाहावे. शिसवीसारख्या कठीण लाकडास भोक किंचित मोठे लागते, नाही तर ते चिरते. भोकाचे तोंड थोडे उतरते करावे, म्हणजे आटे शिरताना वरचे तंतू उचकटत नाहीत. बुश हाताने आत ढकलू नये. यंत्राच्या उभ्या दांड्यात धरून, यंत्र बंद ठेवून, हाताने फिरवावे. ते तिरपे गेले तर पुढे दांडाही तिरपा बसतो, आणि तिरपेपणा वीस-पंचवीस इंचांच्या टोकाशी चांगलाच दिसतो.

बुशाचे तोंड लाकडाशी अगदी सपाट असावे. ते खोल गेले असेल तर दांड्याची कड लाकडावर टेकते, आणि आपण जो जो आवळतो तो तो बोल्ट बुशाला बाहेर उपसतो. तोंड सपाट असेल तर कड पितळेवर टेकते. ताण पितळेतल्या पितळेत राहतो.

पक्केपणासाठी इपॉक्सी लावतात. येथे सागवानाची एक खोड आहे. सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळेच ते वाळवीला व पाण्याला दाद देत नाही, आणि त्यामुळेच त्याच्यावर चिकटद्रव्यही नीट धरत नाही. भोकाच्या आतून ॲसिटोनचा बोळा फिरवावा आणि लगेच, तेल पुन्हा वर येण्यापूर्वी, बुश बसवावे.

पात्यांच्या बोल्टाची गोष्ट याहून गंभीर आहे. पाते दीड फूट आणि बोल्ट टेकूपासून दोन इंचांवर असेल, तर टोकाशी जो ताण, त्याच्या नऊपट ताण बोल्टाशी. म्हणजे मूल जरी हलके धनुष्य ओढत असले, तरी त्या एका बोल्टावर शंभर पौंडांहून अधिक ओढ सहज पडते. तेथे साधे बुश विश्वासाचे नव्हे. मुठीला आरपार भोक पाडून, रुंद कडेची चाकी पलीकडच्या बाजूने बसवावी. मग ओढ पडते तेव्हा ती कड लाकडाला दाबते. दाब सोसणे लाकडाला जमते, उपसणे जमत नाही. आणि हे भोकही मुठीतच. पात्याला कारखान्यात जी खाच किंवा भोक ठेवलेले असते, ते त्याच्या न वाकणाऱ्या बुडाशी असते. त्याखेरीज पात्यात कोठेही, कितीही बारीक, भोक पाडू नये.

एवढे करूनही पुण्याची हवा आपले काम करतेच. एप्रिलात लाकूड सुकून आखडते, जुलैत फुगते. पितळ मात्र जेथल्या तेथे. दोन-तीन वर्षांत बुश सैल पडू शकते, आणि ते आरंभी हाताला कळत नाही. यासाठी एक साधी युक्ती आहे. बुशाच्या कडेवरून लाकडावर येईल अशी शाईची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. मृग लागण्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा ती पाहावी. पितळेवरची रेघ आणि लाकडावरची रेघ समोरासमोर राहिल्या नसतील, तर बोल्ट अधिक आवळू नये. बुश काढून, भोक साफ करून, ते नव्याने बसवून घ्यावे आणि इपॉक्सी पुरते वाळेपर्यंत धनुष्यास दोरी चढवू नये.