स्ट्रिंग जोडणी (जावा)

स्ट्रिंग जोडणी म्हणजे दोन किंवा अधिक मजकूर एकापुढे एक ठेवून नवा मजकूर तयार करण्याची क्रिया होय. जावा या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत ती प्रामुख्याने ‘+’ या चिन्हाने केली जाते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेत चिन्हांना नवे अर्थ देण्याची मुभा प्रोग्रामरला नाही. स्ट्रिंगसाठीचा ‘+’ हा भाषेनेच केलेला अपवाद आहे.

गाव = "लिंबा" + "गणेश";

या विधानानंतर ‘गाव’ या चलात बीड जिल्ह्यातील ‘लिंबागणेश’ हे नाव येते. वाचकाला त्यात लिं, बा, ग, णे, श अशी पाच अक्षरे दिसतात. जावा मात्र लांबी ९ सांगते, कारण युनिकोडमध्ये वेलांटी, अनुस्वार, काना व मात्रा यांना स्वतंत्र संकेतांक आहेत.

== कार्यपद्धती ==

जावातील स्ट्रिंग अपरिवर्तनीय असते. त्यामुळे जोडणीत मूळ स्ट्रिंग लांबत नाही, तर नवी स्ट्रिंग निर्माण होते. वरील नाव आवर्तनात एकेक करून १,००० वेळा जोडल्यास दर फेरीत आधीचा सर्व मजकूर पुन्हा लिहिला जातो आणि ९,००० संकेतांकांच्या निकालासाठी एकूण सुमारे ४५ लाख संकेतांक लिहावे लागतात. अशा ठिकाणी २००४ मधील जावा ५ पासून उपलब्ध असलेला स्ट्रिंगबिल्डर वापरतात. एकाच विधानातील साध्या जोडणीसाठी त्याची गरज नसते. ते काम कंपायलर योग्य रीतीने करतो.

क्रिया डावीकडून उजवीकडे होते. "एकूण " या मजकुरापुढे ७ व ५ या संख्या जोडल्यास ‘एकूण १२’ न मिळता ‘एकूण ७५’ मिळते. बेरीज हवी असल्यास कंस आवश्यक आहे. शिवाय जोडलेली संख्या आंतरराष्ट्रीय अंकांतच उमटते. देवनागरी अंकांसाठी वेगळे रूपांतर करावे लागते.

== मराठी मजकुरातील अडचण ==

जोडणीला व्याकरण कळत नाही. गावाच्या नावाला "चा" जोडणारा प्रोग्राम ‘लिंबागणेशचा’ हे रूप बिनचूक देतो. केवळ त्यावर चाचणी घेतली तर दोष लक्षातही येत नाही. त्याच जिल्ह्यातील पाटोदा येताच ‘पाटोदाचा’ असे अशुद्ध रूप छापले जाते, कारण मराठीत प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते : पाटोद्याचा. माजलगावला "त" जोडल्यासही ‘माजलगावात’ऐवजी ‘माजलगावत’ मिळते. दाखले व पत्रे तयार करणाऱ्या प्रणालींत ही चूक सहज शिरते.

केवळ शेवटचे अक्षर पाहून नियम लावणे विशेषनामांच्या बाबतीत भरवशाचे नाही. त्यापेक्षा ‘गाव’ या क्लासमध्ये नावाबरोबर सामान्यरूपाचे स्वतंत्र क्षेत्र ठेवणे आणि प्रत्यय त्याला जोडणे अधिक सुरक्षित ठरते. ते शक्य नसल्यास ‘गाव : पाटोदा’ अशी प्रत्ययरहित मांडणी करता येते.

याउलट जोडाक्षरांची काळजी प्रोग्रामरला करावी लागत नाही. "पाटोद्" आणि "यात" जोडल्यास संकेतांक ६ अधिक ३ असे ९ च राहतात. हलन्त द् आणि य यांचा ‘द्य’ पडद्यावर फॉन्ट व मजकूर-मांडणी प्रणाली घडवतात.