फाटलेले पान, झोपलेला मारिओ

‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ हा व्हिडिओ गेम अमेरिकेत ऑक्टोबर १९८८ मध्ये विक्रीला आला. त्याचा शेवट असा: बेडूकतोंड्या वॉर्ट हरतो, कैदेतून सुटलेले सबकॉन, म्हणजे त्या जगाचे रहिवासी, त्याला डोक्यावर उचलून मिरवतात, मारिओसह चारही नायक विजयाने हात उंचावतात. मग चित्र बदलते. मारिओ पलंगावर गाढ झोपलेला दिसतो, आणि तो सगळा जल्लोष त्याच्या डोक्यावरच्या स्वप्नाच्या फुग्यात चाललेला असतो. ‘म्हणजे सगळे स्वप्नच होते’ हा अर्थ तेव्हापासून रूढ आहे. तो कितपत टिकतो?

पहिली साक्ष खेळासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेची. एका रात्री मारिओला स्वप्न पडते. लांबलचक जिना, वर दार, दारापलीकडे अनोळखी जग, आणि वॉर्टपासून सोडवा अशी विनवणी करणारा आवाज. मारिओ जागा होतो. दुसऱ्या दिवशी तो सोबत्यांसह सहलीला जातो. तिथे एक लहानशी गुहा सापडते आणि तिच्यात स्वप्नातलाच जिना. म्हणजे पुस्तिकेनुसार स्वप्न आधीच संपले आहे आणि पुढचे साहस जागेपणी घडते. पडदा नेमके उलट सांगतो. एकाच कंपनीची, एकाच खेळाबरोबर आलेली ही दोन साधने एकमेकांशी जुळत नाहीत. सकाळ आणि सहलही स्वप्नातलीच मानली तर मेळ बसतो. पण तसे मानायला दोन्हींपैकी एकातही आधार नाही. ती वाचकाने केलेली डागडुजी ठरते.

तेव्हा मागे जायला हवे. या खेळाची मूळ प्रत जपानी आहे: ‘युमे कोजो: डोकी डोकी पॅनिक’, १० जुलै १९८७, फॅमिकॉम डिस्क सिस्टिम. नावात ‘स्वप्नांचा कारखाना’ आहे, म्हणून इथेच उत्तर सापडले असे वाटू शकते. पण ते नाव फुजी टेलिव्हिजनच्या ‘युमे कोजो ’८७’ या महोत्सवावरून आले आणि इमाजिन व त्याचे कुटुंब ही नायकमंडळी त्या महोत्सवाचीच पात्रे होती. नावाची साक्ष बाद. कथा मात्र मोलाची आहे. दोन जुळी मुले गोष्टीच्या पुस्तकावरून भांडतात आणि त्या ओढाताणीत शेवटचे पान फाटते. दुष्टाच्या पराभवाची हकिकत त्याच पानावर होती. ते गेल्यामुळे दुष्ट मामू (हाच अमेरिकन खेळातला वॉर्ट) मोकळा होतो आणि मुलांना पुस्तकात ओढून नेतो. शेवट हरवला म्हणून सुरू होणारी गोष्ट! संशोधकाला याहून जिवाभावाचा विषय कोणता?

यातून एक गोष्ट निश्चित होते. १९८७ च्या खेळात मारिओच नव्हता. तेव्हा झोपलेल्या मारिओचे चित्र १९८८ चेच. दुसरी गोष्ट अनुमानाची. मूळ कथेची चौकट पुस्तकाची होती. ‘मारिओ’ करताना जुळी मुले गेली, पुस्तक गेले, आणि मोकळ्या जागी पलंग आला. पण पलंगच का? याचा धागा पुन्हा अमेरिकन पुस्तिकेत आहे. तिथे वॉर्टच्या परिचयात, त्याने स्वप्नयंत्राशी खेळून राक्षस निर्माण केले असे म्हटले आहे. हे यंत्र जपानी कथेतले. पुस्तक काढून टाकले तरी यंत्र उरले, आणि स्वप्नाचा विषय त्याच्याबरोबर टिकला. मला हे स्पष्टीकरण पटते. सिद्ध झाले असे म्हणणार नाही.

झोपेच्या आधी एक फलक येतो: कोणत्या नायकाने किती टप्पे पार केले याची मोजदाद. बहुतेक खेळाडू तो पाहतात आणि पुढे जातात, पण तो नियमबदलाचा पुरावा आहे. जपानी खेळात प्रगती डिस्कवर साठत असे आणि खरा शेवट पाहायला चौघांकडूनही खेळ पुरा करावा लागे. अमेरिकन कार्ट्रिजमध्ये साठवण नव्हती. तिथे दर टप्प्याला नायक निवडायचा. असे चौघांत वाटले गेलेले श्रम मोजण्यात अर्थ होता.

झोपलेल्या मारिओसोबत पात्रांची नामावली सरकते, आणि तिथे लेखनिकाचे हस्तदोष सापडतात. तोंडातून अंडी फेकणाऱ्या बर्डोच्या चित्राखाली ‘ऑस्ट्रो’ आणि शहामृगासारख्या ऑस्ट्रोखाली ‘बर्डो’. दगड फेकणारा खेकडा ‘क्लॉग्रिप’ इथे ‘क्लॉग्लिप’ झाला आहे. हा खेकडा मूळ खेळात नव्हता, १९८८ साली नव्याने घातलेला. म्हणजे जुन्या यादीतून चूक उतरली असे म्हणता येत नाही. जपानी भाषकांकडून सहज होणारी ‘र’ आणि ‘ल’ची ही गफलत पाहता पडद्यावरची यादी जपानमध्ये, पुस्तिकेशी ताडून न पाहता भरली गेली असावी. पलंगाचे चित्र आणि पुस्तिकेची गोष्ट का जुळत नाही, याचेही कारण हेच असू शकते.

एक दुवा अजून उरतो. दोन्ही खेळांचे दिग्दर्शक केन्सुके तानाबे. पुढे, जून १९९३ मध्ये जपानात ‘द लेजंड ऑफ झेल्डा: लिंक्स अवेकनिंग’ आला, त्याच्या पटकथालेखकांत तानाबेंचे नाव आहे. त्यातले अख्खे बेट एका निद्रिस्त माशाचे स्वप्न निघते, आणि बेटावर मामू नावाने खुद्द वॉर्ट भेटतो. पण त्या पटकथेवर योशिआकी कोइझुमी यांचेही नाव आहे; कोणती कल्पना कोणाची, हे श्रेयनामावली सांगत नाही.